पिक्चर कधी आला आणि कधी पाहिला

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक तळटीप होती. दीड ओळीची. 'निवेदकाच्या स्मरणातील कालक्रम विश्वासार्ह नाही, म्हणून ही मुलाखत वापरलेली नाही.' निवेदक म्हणजे माझे आजोबा. ती तळटीप काढून टाकली त्याला आता दोन वर्षं होतील. पण ती मी लिहिली कशी आणि काढावी का लागली, हे सांगितलं तर पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या तुमच्यापैकी काही जणांचे काही महिने वाचतील. म्हणून आज तेच.

आधी विषय सांगते. शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेतला साधा माणूस ज्या करमणुकीवर खिशातले पैसे खर्च करायचा, म्हणजे सर्कस, मुष्टियुद्ध, पाच सेंटचा सिनेमा, दर आठवड्याला एक भाग दाखवणारी साहसमालिका, तिच्यातला सिनेमा मराठी मुलखात कसा आला आणि मराठवाड्यातल्या जत्रेच्या तंबूपर्यंत पोचता पोचता त्याचं काय झालं, हा माझा विषय. माझं गाव पाचोड. संभाजीनगरहून बीडला जाताना लागतं, मोसंबीच्या बाजारामुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. पाचोड आणि अमेरिका यांचा संबंध काय, असं मला पहिल्या सादरीकरणात विचारलं गेलं होतं आणि हॉलमध्ये हशा झाला होता. संबंध आहे. फक्त तो कागदावर जवळजवळ नाही.

२०१९ च्या दिवाळीत मी आजोबांची मुलाखत रेकॉर्ड केली. मोबाईल ओसरीवर ठेवला आणि विचारलं, पहिला पिक्चर कुठं पाहिला?

"पैठणला. षष्ठीला गेलतो बैलगाडीनं. रझाकार गेल्यावरची पहिली षष्ठी व्हती ती."

"कोणता पिक्चर?"

"हंटरवाली. ती बाई रेल्वेच्या टपावर पळती. खाली गाडी चालू, वर मारामारी. लई भारी."

आणि मग, मी न विचारता, "पडद्याच्या कडंला एक माणूस काठी घेऊन उभा. त्यो समदं सांगायचा."

नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी, एकनाथ महाराजांची. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते सप्टेंबर १९४८ मध्ये. म्हणजे आजोबा सांगत होते ती षष्ठी मार्च १९४९ ची. ते तेव्हा बारा वर्षांचे.

मी खोलीवर परत आले, यादी काढली आणि तीन चुका शोधल्या. एक, 'हंटरवाली' १९३५ चा. वाडिया मुव्हिटोनचा, होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेला, नादियाचा. १९४९ साली तो कुठला? दोन, हंटरवालीची गोष्ट राजकन्येची आहे, तिच्यात घोडा आहे, चाबूक आहे, दुष्ट प्रधान आहे. रेल्वेच्या टपावरची मारामारी ही 'मिस फ्रंटियर मेल'ची, १९३६ सालच्या. तीन, पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस मूकपटांच्या काळातला. 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला, पुढच्या तीन-चार वर्षांत मूकपट संपले. बोलपटाला सांगणारा कशाला लागेल?

तीन चुका झाल्या, म्हणून तळटीप. मला त्या दिवशी फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं.

आता मागे जाऊ, कारण या तीन चुकांची उत्तरं अमेरिकेतून सुरू होतात.

सिनेमा आला तेव्हा तो स्वतंत्र करमणूक नव्हताच. तो आधीच्या करमणुकींच्या अंगावर वाढला. अमेरिकेत सुरुवातीला सगळ्यात मोठी गर्दी खेचली ती मुष्टियुद्धाच्या चित्रफितींनी. १७ मार्च १८९७ ला नेव्हाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची लढत झाली आणि तिचं चित्रण दीड तासाहून जास्त लांबीचं होतं. त्या काळात इतर फिती मिनिटभराच्या असायच्या. पुढे १९१० मध्ये जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मल्लाने जिम जेफ्रीजला रिनो इथे हरवलं, तेव्हा त्या चित्रफितीची गोऱ्या अमेरिकेला इतकी धास्ती वाटली की १९१२ साली मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच कायद्याने बंदी आली. ती १९४० पर्यंत होती. खेळ, सिनेमा आणि वर्णद्वेष एकाच रिळात गुंडाळलेले.

आपल्याकडे काय? १८९९ मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा लावला तो कुस्तीवर. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांच्या कुस्तीवर. कार्सन सिटीनंतर फक्त दोन वर्षांनी. सावेदादांनी अमेरिकेचं अनुकरण केलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही आणि तुम्हीही असं चटकन म्हणू नका. पण कॅमेरा हातात आलेला माणूस, ज्याला गर्दी आधीच जमते आहे तिकडे तो वळवतो, एवढं दोन्हीकडे दिसतं.

१९०५ साली पिट्सबर्गमध्ये पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकल, घेऊन सिनेमा दाखवणारं पहिलं गाजलेलं निकलोडियन निघालं आणि दोन-तीन वर्षांत अशी हजारो दुकानवजा थिएटरं उघडली. बसणारे बहुतेक कामगार, परदेशातून आलेले, इंग्रजी न येणारे. सिनेमा मुका होता, म्हणून भाषेची अडचण फार नव्हती. लगेच शिकलेल्या लोकांना काळजी लागली. शिकागोने १९०७ मध्ये सेन्सॉरचा नियम केला. न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९०८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी शहरातल्या सगळ्या सिनेमाघरांचे परवानेच रद्द केले. पुढे कोर्टामुळे ती उघडली, पण त्या भांडणातून कागद तयार झाले. आज आपण निकलोडियनचा इतिहास लिहितो तो बराचसा या काळजी करणाऱ्यांच्या कागदांवरून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आल्या मालिका. १९१४ साली पर्ल व्हाइटची 'द पेरिल्स ऑफ पॉलिन', वीस भागांची. नायिका प्रत्येक भागात मरता मरता वाचते. गोष्ट वर्तमानपत्रात छापून यायची आणि भाग थिएटरात. त्याच वर्षी 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' सुरू झाली. तिचे तब्बल ११९ भाग निघाले. हेलन ही रेल्वे स्टेशनवर तार पाठवणारी मुलगी. ती धावत्या गाडीवर उडी मारते, टपावरून पळते, चोरांना पकडते. आधी हेलन होम्सने काम केलं, नंतर हेलन गिब्सनने. ही गिब्सन मुळात रोडिओतली, म्हणजे घोड्यांचे अन् गुरांचे खेळ करणारी. युनिव्हर्सलच्या मालिकांचा एडी पोलो सर्कशीतून आलेला. म्हणजे सर्कस आणि रोडिओच्या रिंगणातली माणसं उचलून कॅमेऱ्यापुढे उभी केलेली. (सर्कस आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास उभी केली, तो एक वेगळाच विषय आहे. त्यावर नंतर कधीतरी लिहीन.)

या मालिका हिंदुस्थानात धो-धो आल्या. युनिव्हर्सलने इथे १९१६ मध्ये स्वतःची एजन्सी उघडली. महायुद्धामुळे युरोपातल्या कंपन्या मागे पडल्या होत्या. १९२० च्या दशकात इथे दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांत बहुसंख्य परदेशी आणि त्यांत बहुसंख्य अमेरिकन. आणि गंमत अशी की 'अमेरिका' हे नाव त्याआधीच पाटीवर आलं होतं. फाळक्यांनी १९११ मध्ये गिरगावात ज्या तंबूवजा थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात राजा हरिश्चंद्राचं बीज पडलं असं सांगतात, त्याचं नाव 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्याच खेळात एका बाईंचा नाच होता, एक विनोदी नकलांचा भाग होता आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू होता. आपण पाठ्यपुस्तकात 'पहिला भारतीय चित्रपट' असं वाचतो तेव्हा हे पायांनी कसरत करणारे गृहस्थ गळून जातात. माझ्या मते ते गळायला नकोत. त्या दिवशी तिकीट काढून आलेल्या माणसासाठी ते सगळं मिळून एक करमणूक होती, अमेरिकेत ज्याला व्हॉडव्हिल म्हणायचे तसली.

मालिकांची मोहिनी इतकी की इथल्या कंपन्यांनी तसे नायक घडवले. मास्टर विठ्ठल हे त्यातलं सगळ्यात मोठं मराठी नाव. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेला हा गडी शारदा कंपनीच्या १९२६ च्या 'रतन मंजरी'पासून नायक झाला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. 'आलम आरा'चा नायकही तोच. जे. बी. एच. वाडियाही फेअरबँक्सचे भक्त. त्यांच्या कंपनीत आली नादिया, मूळची मेरी एव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आणि पिक्चरमध्ये येण्याआधी झार्को सर्कशीत काम केलेली. म्हणजे पुन्हा सर्कसच. १९३६ ला 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती गाडीच्या टपावर भिडली, तेव्हा तिच्या आधी वीस वर्षं त्याच टपावरून हेलन पळून गेली होती. आजोबांनी ओसरीवर बसून मला सांगितलेलं ते टपावरचं दृश्य असं अमेरिकेतल्या रुळांवरून आलेलं.

इथपर्यंत माझं काम छान चाललं होतं, कारण इथपर्यंत कागद आहेत. अमेरिकेतली १९१० आणि १९२० च्या दशकांतली सिनेधंद्याची साप्ताहिकं इंटरनेटवर 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'त फुकट वाचायला मिळतात. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दस्तऐवज म्हणजे १९२७-२८ ची इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी. मद्रासचे टी. रंगाचारियर अध्यक्ष. सरकारला खरं तर अमेरिकन सिनेमाची भीती होती, की गोऱ्यांची भांडणं, चुंबनं, चोऱ्या बघून अडाणी हिंदी प्रेक्षकाच्या मनातला साहेबाचा दरारा जाईल. साम्राज्यातल्या सिनेमाला झुकतं माप द्यावं हाही हेतू. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या, ३२० लेखी उत्तरं आली, ३५३ साक्षीदार तपासले, ४५ सिनेमाघरं पाहिली. आणि निष्कर्ष सरकारला हवा तसा दिला नाही. भीती अवाजवी आहे, इंग्लिश सिनेमाला सवलत नको, उत्तेजन द्यायचं तर हिंदी सिनेमाला द्या, असं सांगितलं. अहवालात या काळातला सगळ्यात लोकप्रिय सिनेमा म्हणून नोंद आहे ती फेअरबँक्सच्या 'थीफ ऑफ बगदाद'ची.

साक्षींचे खंड जरूर वाचा. थिएटरमालक, वितरक, पोलीस अधिकारी, संपादक, शिक्षक, पाद्री. नाशिकहून आलेल्या फाळक्यांची साक्षही आहे आणि ती वाचताना वाईट वाटतं. गांधीजींनी कळवलं की मी कधी सिनेमाला गेलोच नाही, पण त्याने होणारं नुकसान उघड दिसतं. (न पाहता मत. आपल्यातले किती जण पुस्तकांबद्दल असंच करतात!) पण ३५३ साक्षीदारांत चार आण्याच्या जागेवर, जमिनीवर बसून पाहणारा माणूस कुठे आहे? तो चर्चेचा विषय आहे, साक्षीदार नाही. न्यूयॉर्कच्या कागदांसारखंच. एकीकडे काळजी करणारे बोलतात, दुसरीकडे विकणारे बोलतात. दोघांचंही लक्ष मोठ्या शहरावर आणि नव्या पिक्चरवर.

आणि पाचोड तर त्याही बाहेर. ही समिती ब्रिटिश प्रांतांचा विचार करत होती, आम्ही निजामाकडे. हैदराबाद संस्थानातल्या सिनेमाबद्दल जी गोष्ट सगळे सांगतात ती धीरेन गांगुलींची, म्हणजे १९२२ साली त्यांनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, 'रझिया बेगम' दाखवल्यावरून निजामाने त्यांना संस्थान सोडायला लावलं वगैरे. ती राजधानीतली गोष्ट. जिल्ह्यातल्या जत्रेत कोणता तंबू लागला याची नोंद हवी तर संस्थानी कागदांत उर्दूतून शोधावी लागते. तारखा फसली सनाच्या, महिने आजूर, दय, बहमन असे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतो. वर्ष ऑक्टोबरच्या आसपास सुरू होत असल्याने कधी एकाचा फरक पडतो. मी पहिल्या महिन्यात ५९० ऐवजी ५७८ मिळवत होते, कारण डोक्यात शक होता. हसू नका, तुमचंही होईल. १३३९ फसलीच्या सुमाराची गश्ती निशाण ५३, जिने सभा-संमेलनांना परवानगीची अट घातली, ती मला १९१७ ची वाटून मी दोन दिवस गोंधळले होते.

तर कागद हे असे. मुंबईचं भरपूर, हैदराबादचं थोडं, पैठणच्या षष्ठीचं जवळजवळ शून्य. अशा वेळी जिवंत साक्षीदार मिळाला तर संशोधकाने काय करायला हवं? आणि मी काय केलं? मुंबईच्या यादीने पैठणच्या माणसाला तपासलं आणि नापास केलं.

माझी चूक दाखवली ती माझ्या आईने. आजोबा गेल्यानंतर वर्षभराने असेल. मी स्वयंपाकघरात बसून प्रकरण सांगत होते, की आजोबांचं साल कसं चुकलं, १९३५ चा पिक्चर १९४९ ला कसा दिसेल. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तू 'माहेरची साडी' कुठं पाहिला?"

"जत्रेत. तंबूत."

"तव्हा तू कितवीत होती?"

मी तिसरीत होते. म्हणजे २००१. 'माहेरची साडी' १९९१ चा. माझ्या जन्माच्या आधीचा. मी तो दहा वर्षांनी पाहिला, बायकांच्या बाजूला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. पडद्यावर पाऊस पडत होता, म्हणजे फीत इतकी झिजलेली की उभ्या रेघाच रेघा. मधेच तुटली तेव्हा सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. चुलतभाऊ पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसले होते, तिथे अक्षरं उलटी दिसायची म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. स्वतःच्या अंगावरून गेलेलं होतं. तरी आजोबांच्या मुलाखतीला मी ते लावलं नाही, कारण तोवर मी 'संशोधक' झाले होते.

धंद्याची रीत साधी आहे. नवी फीत पहिल्यांदा मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरात, चढ्या दराने. मग दुसऱ्या दर्जाच्या थिएटरात, मग छोट्या गावात. प्रत्येक पायरीला भाडं कमी आणि फितीवर ओरखडे जास्त. अमेरिकेतही हीच उतरंड होती, पहिल्या खेळाची थिएटरं वेगळी, नंतरच्या खेळांची वेगळी. तिथे उतरंड संपली की फीत इकडे यायची. अमेरिकेतल्या थिएटरांतून कधीच उतरलेली मालिका इथल्या पडद्यावर नवीकोरी म्हणून चालायची. आणि इथल्या उतरंडीची शेवटची पायरी म्हणजे फिरता तंबू. जत्रेत चार-पाच दिवस मुक्काम, सोबत तेलावर चालणारं इंजिन, एक भोंगा, पत्र्याच्या पेट्यांत रिळं. तंबूवाल्याला नवा पिक्चर परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. समोर बसलेल्याला पिक्चर जुना आहे हे माहीत नसतं, असलं तरी फरक पडत नाही. त्याच्यासाठी तो आज आला आहे.

एवढं ध्यानात आल्यावर माझ्या प्रकरणाची मांडणीच बदलली. सिनेमाच्या इतिहासात आपण प्रदर्शनाचं साल लिहितो आणि नकळत धरून चालतो की लोकांनी तो त्या साली पाहिला. 'तीसच्या दशकातला स्टंटपटांचा प्रेक्षक' असं लिहितो. पण मराठवाड्यातला स्टंटपटांचा प्रेक्षक पन्नासच्या दशकातला असू शकतो. वितरकांच्या दृष्टीने जो काळ सामाजिक बोलपटांचा, तोच पैठणच्या तंबूत नादियाचा. मुंबईत स्टंटपट 'खालच्या दर्जाचा' ठरून मागे पडला असेल, तेव्हा इथे एका पोराने आयुष्यातली पहिली बाई घोड्यावर बसून चाबूक चालवताना पाहिली. आणि कोणत्या साली? रझाकार गेल्यानंतरच्या पहिल्या षष्ठीला, भीती सरल्यावर बैलगाड्या पुन्हा जत्रेला निघाल्या तेव्हा. आजोबांनी मला साल नव्हतं सांगितलं, त्यापेक्षा जास्त सांगितलं होतं. मी त्यातून फक्त आकडा काढला.

दुसरी 'चूक', रेल्वेची, तीही अशीच सुटली. नादियाला लोक नादिया म्हणतच नसत. 'हंटरवाली' हे तिचंच नाव पडलं होतं, पुढे १९४३ ला 'हंटरवाली की बेटी' आला तो याच नावाच्या जोरावर. आजोबा "हंटरवाली पाहिली" म्हणाले तेव्हा मी पिक्चरचं नाव ऐकलं. ते बहुधा बाईचं नाव सांगत होते. तसं धरलं तर टपावरची मारामारी आपोआप जागेवर बसते, 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये. आता मी मुलाखतींत पिक्चरचं नाव विचारत नाही, "त्यात काय होतं?" असं विचारते. आणि साल तर कुणालाच विचारत नाही. रझाकारांच्या आधी की नंतर, गावात वीज आली होती का, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, तुमचं लग्न झालं होतं का, पाहायला सोबत कोण होतं. बायकांना शेवटचा प्रश्न विचारला की उत्तर सगळ्यात लांब येतं, कारण जाऊ दिलं कुणी हीच त्यांची खरी गोष्ट असते.

माझ्या गाईडनी एकदा एक टोकलं, तेही सांगते. मी उत्साहाच्या भरात दुसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं की मौखिक स्मृती कागदापेक्षा जास्त खरी. त्यांनी समासात लिहिलं, "कशावरून?" बरोबर आहे. आजोबांनी 'हंटरवाली की बेटी' पाहिला असण्याचीही शक्यता राहतेच. एकाच षष्ठीला दोन खेळ पाहिले असतील. नंतर पाहिलेलं आधीच्यात मिसळलं असेल. फक्त हे प्रश्न कागदालाही विचारायचे असतात. सिनेमॅटोग्राफ कमिटीपुढे बसून 'अडाणी प्रेक्षकावर परिणाम' सांगणाऱ्या साहेबाला मी एकदाही नापास केलं नव्हतं. त्याची साक्ष छापील होती, पृष्ठक्रमांकासह.

राहिली तिसरी. काठीवाला माणूस.

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवणारे, गोष्ट समजावणारे लोक देशभर होते, त्याचे उल्लेख मिळतात. पण १९४९ साली, बोलपटाच्या तंबूत? कारणं मी बसल्या बसल्या दहा काढू शकते. भोंगा नीट नसेल. पिक्चर हिंदीत आणि समोर मराठी बोलणारी माणसं, बायका, पोरं. जत्रेचा गलका. फितीवरचा आवाजच झिजलेला. किंवा तंबूवाल्याकडे मूकपटांच्या दिवसांपासूनचा जुना माणूस कामाला असेल आणि त्याला ठेवायचं म्हणून ठेवला असेल. यातलं कोणतं, हे सांगू शकणारा एकच माणूस माझ्यासमोर ओसरीवर बसला होता.

गेल्या महिन्यात प्रकरण पक्कं करताना ते रेकॉर्डिंग मी पुन्हा लावलं. एकोणचाळीस मिनिटांचं आहे. चौदाव्या मिनिटाला आजोबा म्हणतात, "आन त्यो काठीवाला, त्याची तर..." आणि हसायला लागतात. पुढे काहीतरी सांगणार असतात. तेवढ्यात माझा आवाज येतो, "आजोबा, ते राहू द्या. साल कोणतं होतं?"